आवाज थांबले, मग आता हे काय?

ताई, माझा दादा ३२ वर्षांचा. डिप्लोमा करून भोसरीत कंपनीत लागला होता. २४व्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला. आतापर्यंत तीनदा ॲडमिट झाला. या खेपेला महिनाभर होता, तीन आठवड्यांपूर्वी घरी आणलं. कानात येणारे भासाचे आवाज थांबलेत, संशय घेत नाही, गोळ्या स्वतःहून मागून घेतो. सगळे म्हणतात, सुधारला. पण परवा त्याची वही हाती लागली. आत हिशेब होता. गोळ्या, डॉक्टरांची फी, पुण्याचं गाडीभाडं, बाबांनी पीएफमधून काढलेले पैसे. खाली बेरीज, आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘मी नसलो तर एवढे वाचतील. छोटीचं लग्न होईल.’ छोटी म्हणजे मी. मला बघायला पाहुणे येतात तेव्हा आई त्याला काकांकडे पाठवते. आईला वही दाखवली तर म्हणाली, ‘विषय काढू नकोस, डोक्यात नसेल तर येईल.’ आजार कमी झालाय, मग असं का? त्याला विचारू का? आणि खरं सांगते, माझं लग्न त्याच्यामुळे अडलंय असं मलाही कधी कधी वाटतं.
– एक बहीण, इचलकरंजी

छोटी,

आधी आजचं काम. हे वाचून झालं की दादाशी बोल. आजच. त्याच्या डॉक्टरांना फोन करून वहीत काय लिहिलंय ते जसंच्या तसं सांग आणि पुढच्या फॉलोअपची वाट न बघता लवकरातली वेळ माग. ते भेटले नाहीत तर १४४१६ वर ‘टेली-मानस’ला फोन कर. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं. दादाने ‘आज’, ‘आज रात्री’ असं काही म्हटलं, किंवा कसं करायचं हे ठरवलंय असं सांगितलं, तर त्याला एक मिनिटही एकटं सोडू नका आणि सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. गाडी नसेल तर १०८. घरातल्या गोळ्यांचा साठा आणि घातक ठरेल असं जे काही असेल ते आजच कुलपात किंवा घराबाहेर जाऊ दे. रोजच्या गोळ्या आईने किंवा तू हातावर द्या. यात त्याच्यावर अविश्वास नाही. ‘हे दिवस जाईपर्यंत एवढं आम्हाला करू दे’ असं त्याला तोंडावर सांगूनच करा, लपवून नको.

आता आईची भीती. ती एकट्या तुझ्या आईची नाही, घरोघरी हेच ऐकू येतं, आणि त्यामागे मायाच असते. पण विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. यावर बरंच संशोधन झालंय. अमेरिकेत २००५ साली दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, बाकीच्यांना विचारले नाहीत. ज्यांना विचारलं त्यांच्यात अस्वस्थता वाढली नाही, विचारही वाढले नाहीत. उलट ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांना विचारल्यावर थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. आणि दादाच्या बाबतीत तर विचार डोक्यात आहे की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. त्याने तो लिहून ठेवलाय. आता तो एकट्याने वागवायचा की कुणासोबत, एवढंच ठरायचंय.

कसं विचारायचं? घरात गडबड नसेल तेव्हा, त्याच्या शेजारी बसून. समोरासमोर बसलं की चौकशी चालल्यासारखं वाटतं. ‘दादा, मी तुझी वही वाचली. न विचारता वाचली, पण वाचली. तुला जीव द्यावासा वाटतो का?’ हेच शब्द. ‘तू वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला ‘नाही’ हे एकच उत्तर देता येतं, आणि तो ते देईल. त्याने ‘हो’ म्हटलं तर घाबरून ‘असं बोलू नकोस, आईचा विचार कर’ म्हणू नकोस. आईचा विचार तो तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त करतोय, वहीभर तेच आहे. ‘कधीपासून? दिवसातून किती वेळा? कशाने वाढतं? काही ठरवलंयस का?’ एवढं विचार आणि ऐक. मध्ये तो गप्प बसला तर बसू दे. रडला तर रडू दे.

आता तुझा मुख्य प्रश्न, आजार कमी झाला तर हे का. सगळ्या घरांचा गोंधळ इथेच होतो. भास होताना, संशय असताना आपण जागे असतो, रात्रीचे पहारे देतो. ते थांबले की सुटकेचा श्वास टाकतो. पण रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आणि महिने हा आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक काळ असतो. देशोदेशीच्या नोंदींतून हे पुन्हापुन्हा दिसलंय. वॉर्डात नर्स असते, वेळेवर जेवण असतं, आपल्यासारखेच दहाजण असतात. घरी येताच रिकामा दिवस समोर पसरतो आणि शेजारची बाई विचारते, ‘काय, बरंय ना आता?’

त्यातून दादाला आता स्पष्ट दिसतंय. आवाजांच्या गलक्यात हिशेब सुचत नव्हता, आता सुचतो. बत्तिसाव्या वर्षी आपण कुठे असायला हवं होतं आणि कुठे आहोत हे दिसतं. बरोबरचे मित्र सुपरवायझर झाले, त्यांची मुलं शाळेत जातात, हे दिसतं. आजाराची जाणीव येणं चांगलंच असतं, त्यामुळे तर तो गोळ्या मागून घेतो. पण जाणीव आली आणि पुढचं काहीच दिसेना, तर तीच जाणीव माणसाला खाते. स्किझोफ्रेनियात शिकलेल्या, आजारापूर्वी पायावर उभ्या असलेल्या, स्वतःकडून खूप अपेक्षा ठेवणाऱ्या तरुणांना हा धोका जास्त असतो, तो यामुळेच. भास ओसरल्यावर येणाऱ्या या नैराश्याला मानसोपचारात वेगळी जागा आहे, त्यावर वेगळे उपचार आहेत. ‘शांत झालाय’ म्हणून ते घरच्यांच्या नजरेतून निसटतं, एवढंच.

म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर ‘आता आवाज येत नाहीत’ एवढं सांगून उठू नका. माझ्या मते अशा वेळी आजाराच्या लक्षणांइतकंच महत्त्व एका गोष्टीला द्यायला हवं. या माणसाने स्वतःबद्दल काय निकाल लावलाय? गेल्या काही दशकांत जगभरच्या मानसतज्ज्ञांनी मनोरुग्णांमधल्या आत्महत्येच्या विचारांचा मागोवा घेतला तेव्हा आजाराचं नाव वेगवेगळं निघालं, पण त्यामागचे निकाल थोडकेच आणि तेच ते निघाले. दादाच्या एका ओळीत त्यातले दोन आहेत.

पहिला, पुढे काही नाही. ॲरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात ठेवलेल्या २०७ जणांचा पाच ते दहा वर्षं पाठपुरावा केला. १९८५ साली तो अभ्यास छापून आला. त्यातल्या १४ जणांनी पुढे जीव दिला. कोण देईल याचा अंदाज आधी गोळा केलेल्या माहितीतून येतो का, हे त्यांनी तपासलं. नैराश्य एकूण किती खोल होतं यावरून येत नव्हता. ‘पुढे माझं काही भलं होणार नाही’ ही भावना किती पक्की होती, यावरून येत होता. बेकने ती मोजायला वीस साध्या विधानांची एक प्रश्नावली केली होती. दुःख असूनही उद्याकडे डोळा लावून बसलेला माणूस तग धरतो. उमेद सरलेला माणूस वरून कमी दुःखी दिसला तरी त्याची जास्त काळजी करावी. हे ऐकून धसका घेऊ नकोस. याची चांगली बाजू अशी की गेलेली उमेद परत आणता येते. ती उपचाराने वाढते, बोलण्याने वाढते, हातात थोडं काम आलं की वाढते.

दुसरा निकाल, मी ओझं आहे. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने २००५मध्ये हे फार ठळकपणे मांडलं. आपण कुणाचेच नाही असं वाटणं आणि आपल्या असण्यापेक्षा नसणंच घरच्यांच्या फायद्याचं असं वाटणं, या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची ओढ तयार होते. दादाची बेरीज म्हणजे हीच दुसरी भावना, आकड्यांत मांडलेली. त्याच्या मनात तो तुमच्यावर उपकार करतोय. त्यामुळे ‘एवढा स्वार्थी विचार कसा करतोस’ असं कुणी म्हटलं तर ते त्याच्या मनापर्यंत पोहोचणारच नाही.

इथे मला थोडं कडू बोलायचंय, आणि ते तुझ्या आईबद्दल राग न धरता. पाहुणे येणार त्या दिवशी सकाळी काय होतं? आई म्हणत असेल, ‘जरा काकांकडे जाऊन ये, संध्याकाळी ये.’ तो काही विचारत नसेल. चांगला शर्ट घालून निघत असेल, कारण काकांच्या गल्लीतही लोक बघतात. परत येतो तेव्हा टीपॉयवर पोह्यांच्या बशा असतात, आणि सगळे अचानक वेगळ्याच विषयावर बोलू लागतात. स्थळ जमलं नाही की त्याचं कारण कुणी उच्चारत नाही. उच्चारायची गरजही नसते. ‘मी नसलो तर छोटीचं लग्न होईल’ हे वाक्य त्याने आजारातून काढलेलं नाही, ते तो तुमच्या घरात शिकलाय. दर खेपेला त्याला अर्ध्या दिवसासाठी नाहीसं केलं जातं. तो फक्त तोच हिशेब पुढे नेतोय.

तुमच्या आईने हे दुष्टपणाने केलेलं नाही. एका मुलाचा आजार आणि एका मुलीचं लग्न, दोन्ही सांभाळताना जे सुचलं ते तिने केलं. आपल्याकडे ‘घराण्यात वेड आहे का’ हे विचारणाऱ्यांची कमी नाही. पण हे थांबायला हवं, आणि ते तूच थांबवू शकतेस, कारण कार्यक्रम तुझा आहे. पुढच्या वेळी दादा घरात राहील. त्याची इच्छा असेल तर बाहेर येऊन बसेल, नसेल तर आत बसेल, पण घर सोडून जाणार नाही. आजार लपवून जमवलेलं लग्न नंतर किती महाग पडतं ते मी पाहिलंय. ज्या घराला तुझा भाऊ चालत नाही, ते घर तुला तरी किती दिवस चालेल?

ओझं हलकं करायला नुसतं ‘तू ओझं नाहीस रे’ म्हणून भागत नाही. तो हिशेबी माणूस आहे, त्याला पुरावा लागेल. म्हणून खर्चच खरोखर कमी करा आणि त्यात त्याला सोबत घ्या. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते आणि रोजच्या बऱ्याच गोळ्या तिथे मोफत मिळतात. दरवेळी पुण्याला जायलाच हवं का, मधले फॉलोअप जवळ होतील का, हे डॉक्टरांना विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७प्रमाणे विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावे लागतात, तेव्हा बाबांचा आरोग्य विमा असेल तर त्याचे कागद पुन्हा काढा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घ मानसिक आजाराचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळू शकतं. हे अर्ज दादालाच भरू द्या. आणि घरातलं एखादं असं काम त्याच्याकडे द्या जे त्याच्यावाचून खरंच अडेल. मन रमवायला म्हणून दिलेलं काम त्याला लगेच कळतं. वीजबिल, बँक, गॅस, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणणं, काहीही चालेल. चुकलं तर चुकू द्या.

तिसरी एक भावना असते, कोंडल्याची. हरलो, आणि बाहेर पडायला वाट नाही. हे असताना माणसाला दोनच पर्याय दिसतात, हे असंच चालू राहणं किंवा मरणं. निराश मनाला आपले जुने चांगले प्रसंगही धड आठवत नाहीत, त्यामुळे ‘तेव्हा असं करून निभावलं होतं’ हा आधारही हाताशी लागत नाही. तू त्याची आठवण हो. ‘तू पूर्वी किती हुशार होतास’ असं म्हणू नकोस, ते टोचेल. नेमकं सांग. दुसऱ्यांदा घरी आलास तेव्हा पहिले दोन महिने कसे गेले, मग काय केल्याने बरं वाटलं होतं, कोण भेटायला यायचं.

झोपेवर लक्ष ठेव. रात्र रात्र जागा असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. आणखी एक, काही औषधांनी अंगात असह्य तगमग होते. माणूस बसू शकत नाही, पाय सतत हलत राहतात, येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं अस्वस्थ आहे, त्याला वाटतं आजार परत आला. ही तगमग आत्महत्येचा विचार वाढवू शकते आणि औषधात बदल करून ती कमी होते. दादाला हे होतंय का ते विचार. पण गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. स्किझोफ्रेनियात आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी क्लोझापिन हे औषध खास उपयोगी ठरलंय. ते देताना नियमित रक्ततपासणी करावी लागते. त्याच्यासाठी ते योग्य आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारायला हरकत नाही.

याआधी त्याने कधी प्रयत्न केला होता का? तू लिहिलेलं नाहीस. केला असेल आणि पोलिसांच्या भीतीने घरातच दाबला असेल, तर आता डॉक्टरांना सांगा, कारण पूर्वीचा प्रयत्न ही धोका ओळखण्याची फार मोठी खूण आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं. त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. ही भीती बाबांच्या मनातून काढून टाक.

डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे एक कागद मागा. त्याला सुरक्षा आराखडा म्हणतात. त्यात दादाच्या शब्दांत लिहायचं, विचार येऊ लागले की मला आधी काय जाणवतं, मी एकटा काय करू शकतो, कुणाजवळ जाऊन बसू शकतो, कुणाला सांगू शकतो, कुठल्या डॉक्टरांना आणि कुठल्या नंबरवर फोन करायचा, घर कसं सुरक्षित ठेवायचं. साधा कागद आहे, पण अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत असा आराखडा करून देऊन पुढे फोनवर विचारपूस केली, तेव्हा सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन जवळजवळ निम्म्याने कमी दिसलं. तो कागद त्याच्या खिशात असू दे, एक प्रत तुझ्याकडे.

आणि विचारपूस. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णालयातून गेल्यावर उपचार पुढे चालू न ठेवणाऱ्या ८४३ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. ‘तुम्ही कसे आहात, आठवण आली’ एवढंच, मागणं काही नाही. पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या, पहिल्या दोन वर्षांत तो फरक स्पष्ट होता. तुझा चुलतभाऊ, त्याचा भोसरीतला एखादा जुना मित्र, कुणीही असो, आठवड्याला एक मेसेज टाकेल एवढं कर. ‘गोळ्या घेतल्यास का’ हा मेसेज त्यात धरायचा नाही.

एक गोष्ट मनावर कोरून ठेव. ही सगळी कारणं धोका समजून घ्यायला आहेत, भविष्य सांगायला नाहीत. पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा आढावा २०१७ साली घेतला गेला, तेव्हा अमुक माणूस असं करेल की नाही हे या घटकांवरून ओळखणं नशिबावर सोडण्यापेक्षा फारसं सरस नाही, असं दिसलं. स्किझोफ्रेनिया असलेल्या शंभरांतले सुमारे पंचाण्णव आत्महत्येने जात नाहीत. तेव्हा तू वही वाचून ज्योतिष बघू नकोस. तुझ्या हातात विचारणं आहे, डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं आहे, घर सुरक्षित करणं आहे. रात्रंदिवस पहारा देणं एका माणसाचं काम नाही. तू, बाबा, काका अशा पाळ्या लावा.

आता ते शेवटचं वाक्य, जे तू लिहिताना नक्की थांबली असशील. माझं लग्न त्याच्यामुळे अडलंय. असं वाटणाऱ्या बहिणी, भाऊ, बायका मी किती तरी पाहिल्यात. त्या सगळ्या त्या माणसावर जीव टाकणाऱ्याच होत्या. राग आणि माया एकाच मनात राहतात. फक्त हा राग दादासमोर काढू नकोस आणि गिळूनही बसू नकोस. तो बोलायला जागा हवी. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली ती सुरू केली, आणि त्यांच्या पत्नीला हा आजार असल्याने ते स्वतः घरातून हे सोसलेले होते. तिथे शुभार्थी म्हणजे आजार असलेले आणि शुभंकर म्हणजे त्यांची काळजी घेणारे, दोघांसाठी गट चालतात. पुण्याला फॉलोअपला जाल तेव्हा एकदा आईला घेऊन जा. तिथल्या दुसऱ्या एखाद्या आईने ‘आम्ही पण लपवायचो’ असं म्हटलेलं तिला माझ्या या पत्रापेक्षा लवकर पटेल.

दादाशी बोलणं झालं की दोन ओळी कळव. मी वाट बघतेय.

– तुझी ताई